पाणी घातलेल्या कुंड्या

तहरीमला आधी स्वतःच्या हातांचा संशय आला, मग पाणी घालणाऱ्या रखवालदाराचा, आणि शेवटी कुंड्यांचा. कुंडीवर संशय घेणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतील. पण ते आकडे पाहिले असते तर तुम्हीही तेच केलं असतं.

ती आस्कंदावर, म्हणजे अश्वगंधेवर, पीएचडी करत होती. या झाडात जनुकांचं एक घराणं आहे. तहान लागली की त्यातली भावंडं एकेक करून जागी होतात. कोण कधी जागं होतं, हेच तिला शोधायचं होतं. त्यासाठी विद्यापीठाच्या शेडमध्ये कुंड्यांच्या दोन रांगा होत्या, एक तहानलेली आणि एक रोज पाणी घातलेली. पाण्याच्या रांगेत हे घराणं झोपलेलं हवं. ते झोपलं नाही तर तुलना करायची कशाशी? सगळं काम मातीमोल, आणि मुदत तर दिवाळीला संपत होती.

ते झोपत नव्हतं. ओल्या मातीत उभी असलेली झाडं आतून तहानेनं जागी होती.

टँकरचं पाणी खारट असेल म्हणून ती उस्मानपुऱ्यातल्या घरून कॅन भरून नेऊ लागली. कुंड्यांची जागा बदलली, त्याच बियांची नवी रोपं लावली. आकडे तेच. मग तिच्या ध्यानात आलं की शेडवर ऊन यायच्या आधीच ओल्या रांगेची पानं खाली वळतात. सगळी, एकदम. त्या दिवसापासून तिला त्या रांगेकडं पाठ करून उभं राहवेना. भीती वाटायची, सरळ भीती.

"बी कुठलं?" तिच्या मार्गदर्शक दमयंती मॅडमनी विचारलं.

"फुलंब्रीच्या कडुबामामांच्या शेतातलं. दोन्ही रांगांना तेच."

ती फुलंब्रीला गेली. शेत राहिलंच नव्हतं, प्लॉटचे दगड रोवलेले होते. कडुबामामा तिथंच खुर्ची टाकून राखणीला बसले होते.

"तीन वर्साखाली, सोळा सालच्या उन्हाळ्यात नेलं व्हतं बी तुम्ही," ते म्हणाले. "पोटुशी व्हता, तरी उन्हात खुडत बसल्या. लई समजावलं तुमाला. समदं वावर जळालं व्हतं. जी झाडं उभी ऱ्हायली, त्यांचंच बी नेलं. दुसरं व्हतंच काय?"

तहरीमला तो उन्हाळा आठवला. उभं आहे ते निरोगी, म्हणून तिनं हौसेनं खुडलं होतं. आयांनी सोसलेली तहान बियांत उतरली असावी. लेकरं पाणी पिऊनही दुष्काळाची वाट बघत होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आता हेच सिद्ध कर," त्या म्हणाल्या. "मुदतीचं मी बघते."

तहरीमचा जीव भांड्यात पडला. जाताना तिनं घरी इमरतीची मिठाई नेली.

घरी नळाला पाणी आलं होतं, तिच्या अम्मी जोहरा बादल्या भरत होत्या. तीन वर्षांच्या लेकीचा, जुवेरियाचा, चेंडू काढायला तहरीम पलंगाखाली वाकली. तिथं पाण्याचा पेला होता, वर बशी झाकलेली. त्यामागं आणखी एक. भिंतीपर्यंत झाकलेले पेलेच पेले.

"अम्मी, ये कौन सिखाया इसको?"

"कोई नै," जोहरा म्हणाल्या. "चलने लगी तब से रखती. मैं फेंकती, वो फिर रखती."

तहरीमनं एक पेला उचलला. जुवेरियानं शांतपणे तिचा हात धरला.

"रहने दो, मम्मा. पानी जाने वाला है."

नळ जोरात वाहत होता. तहरीमनं पेला जागेवर ठेवला आणि वर बशी झाकली.