गणपतीसमोरची गिटार आणि आईच्या झांजा

चंदीगड, गणपतीचा चौथा दिवस... आणि आमच्या मंडळात चक्क गिटार आली! सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी शाळेत होते.

मंडळ म्हणजे काय, बदलीवर आलेली वीसेक मराठी कुटुंबं. कोणी सेंट्रल गव्हर्नमेंटचे, कोणी युनिव्हर्सिटीतले, दोन-चार डॉक्टर. सरकारी क्वार्टर्समधल्या कम्युनिटी हॉलमध्ये गणपती बसायचा आणि आम्ही पोरं आपसात हिंदीत भांडत मोदक खायचो.

त्या गणपतीची आरती म्हणजे माझी आई. पितळी झांजांची जोडी तिने मिरजेहून आणलेली, अख्ख्या मंडळात तेवढीच एक. आईने झांज वाजवली की बँकेतले गंभीर साहेबसुद्धा डोलायचे.

पण गिटार आली त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा मामा मोटारसायकलच्या अपघातात गेला. आईने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. इथून मिरज म्हणजे दोन दिवसांचा प्रवास... आई पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

परत आल्यावर ती देवघरासमोर उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "आता पूजा तुम्ही करत जा. माझं आणि याचं बोलणं संपलं." झांजा जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत गेल्या, आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. आमच्या गात्या घरात एकदम शांतता झाली. मला त्या शांततेची फार भीती वाटायची... वाटायचं, आई आता कधीच गाणार नाही.

मंडळात ताट आणि चमच्यावर आरती सुरू झाली. आई यायची, मागच्या खुर्चीवर बसायची, ओठ मिटून. तिला विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता गिटार! मिलिंददादा नागपूरचा, इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारा डॉक्टर. मानेपर्यंत केस, हॉल झाडून निघेल असली बेलबॉटम. आरतीआधी आमचा गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि त्यात त्याने नाव दिलं होतं... स्वतः केलेलं गाणं, तेही पॉप!

मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर काका गिटारकडे असे बघत होते की जणू कोणी बूट घालून गाभाऱ्यात शिरलंय.

"काका, एकच गाणं आहे ना जी. चार मिनिटं. मंग तुमची आरती," मिलिंददादा म्हणाला आणि त्याने तारा छेडल्या. रेडिओवर इंग्लिश गाणी लागायची ना, थेट तसा ठेका. आम्ही मुलं खूश, काकू मंडळी एकमेकींकडे बघायला लागल्या.

शब्द मला अजून पाठ आहेत...

"रुसलोय देवा तुझ्यावर मी, बोलत नाही तुझ्याशी,
तरी पण पाय वळतात रे, तुझ्याच दाराशी."

दादाचा आवाज काही फार गोड नव्हता, पण खरा होता. गणपतीकडे बघून तो अगदी समोरच्या माणसाशी बोलावं तसा गात होता. शेवटचं कडवं तर अजून अंगावर येतं.

"विझला दिवा तर विझू दे, मी पुन्हा लावीन,
रुसलो तरी रे देवा, तुझंच गाणं गाईन."

गाणं संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना. जोगळेकर काका उठले, "अहो, हे कसलं गाणं? देवापुढे हात जोडायचे की भांडायचं?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "भांडू दे की त्याला."

आई! वर्षभरात मंडळात तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. तिचे डोळे भरले होते. तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ट्रंकेतल्या झांजा आण जा."

"अभी?" मी येड्यासारखं विचारलं.

"अभी," आई म्हणाली. माझ्या मराठी आईचं इतकं सुंदर हिंदी मी परत कधी ऐकलं नाही.

मी पार्क ओलांडून धावत सुटले. झांजा घेऊन आले, तर सगळे तसेच थांबलेले, काकासुद्धा. आईने पातळाचा तुकडा सोडला, झांजा पदराने पुसल्या आणि मिलिंददादाला म्हणाली, "तेच परत म्हण. आणि दुसऱ्या ओळीला पळतोस तू, ताल धर जरा."

आणि मग चंदीगडच्या त्या हॉलमध्ये गिटार आणि मिरजेची झांज एकत्र वाजली... आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा ती गात होती. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यानंतरची आरती कशी झाली असेल, ते सांगायला नकोच. काकांचाच आवाज सगळ्यात वर होता!

सकाळी बाबा अंघोळ करून देवघरात गेले, तर दिवा लागलेला होता.

मिलिंददादा पुढच्या वर्षी शिक्षण संपवून गेला. त्याला कोणी आईबद्दल काही सांगितलं होतं, की ते त्याचंच कुठलं दुःख होतं, हे मला कधीच कळलं नाही. दादा, जिथे असशील तिथे... तीन कॉर्ड्समध्ये तू माझी आई मला परत दिलीस.

झांजा आता माझ्या चंदीगडजवळच्या एयरोसिटीच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी खिळ्याला असतात. आई शेवटपर्यंत म्हणायची, "माझं त्याच्याशी भांडण मिटलेलं नाही हां." पण झांजा परत ट्रंकेत गेल्या नाहीत.