एका ट्रंकेतले दोघे

माझा बाप दशावतारात राक्षस व्हायचा आणि माझ्याच वयाच्या एका मुलीचा बाप राजा. घोडं अडलं ते इथंच, असं मला अजून वाटतं. दोघे एकाच वाडीतले, एकाच कंपनीतले, आणि भरजरी कपडे नि खोटे दागिने ठेवायला दोघांत मिळून एक लोखंडी ट्रंक. पण नाटकाआधी रंग लावून बसलेल्या राजाच्या पायांवर म्हाताऱ्या डोकं ठेवायच्या. माझ्या बापाला बघून त्याच म्हाताऱ्या म्हणायच्या, "मेल्या, डोळे किती वटारतंस," आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

घरी सगळं उलट होतं. माझा बाप गरीब गाय. स्वयंपाकघरात घोण निघाली तर आईला हाक मारणारा. राजाच्या घरातून मात्र संध्याकाळी शिव्यांची आरती ऐकू यायची. हे मी जळून लिहिते आहे हे मला ठाऊक आहे, पण ते खोटं नाही.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं, आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शेजारच्या गावच्या जत्रेत देवीचा चांदीचा मुखवटा गेला आणि सकाळी आमच्या लोकांच्या ट्रंकेत सापडला, राक्षसाच्या शेल्यात गुंडाळलेला. मुखवटा उचलणाऱ्यानं बोंबाबोंब होताच जवळची उघडी ट्रंक बघून त्यात कोंबला असणार. पण ट्रंक दोघांची, म्हणून पोलिसांनी दोघांना नेलं. कोर्टात दोघांनी एकच सांगितलं: नाटक संपल्यावर तोंडं धुतली आणि मंडपातच शेजारी शेजारी निजलो. राजाचा साक्षीदार राक्षस आणि राक्षसाचा राजा. आरोपीनं आरोपीची दिलेली ग्वाही कोण धरणार? दोघांना सारखी शिक्षा झाली.

सुरुवातीला गाव खाली मान घालून होतं. मग एक दिवस देवळात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ज्येच्या अंगार देव उभो रव्हता, तो देवीचो मुखवटो चोरतलो?" एवढ्यानं गाव पेटलं. राजा निर्दोष, त्याला सोडवायचा. राजा निर्दोष आहे हे मला गावाच्या कितीतरी आधी माहीत होतं. तो माझ्या बापाशेजारी झोपला होता, म्हणून तो निर्दोष होता. हे गणित एवढ्या मोठ्या गावात कुणालाच मांडता येऊ नये?

दर सोमवारी ग्रामदेवतेपुढं राजासाठी गाऱ्हाणं घालायला सुरुवात झाली. मानकरी हात जोडून देवाला सांगायचे, आमचो माणूस निर्दोषी आसा, तेका सुखरूप घराक आण, आणि मागं उभं राहिलेलं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या गर्दीत माझी आईही असायची. "व्हय म्हाराजा" ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. एका सोमवारी ती मानकऱ्यांजवळ गेली.

"काकानू, आमच्या माणसाचा पण नाव घेवा."

मानकरी वाईट माणूस नव्हते. ते जरा घुटमळले. "एका गाऱ्हाण्यात एकच मागणा, गो. दोन घातली तर देव घोटाळता."

"मगे पुढच्या सोमवारी तेचा घाला."

"बघूया. आधी ह्या पार पडू दे."

ते पार पडेपर्यंत आमचं कधी घातलं गेलं नाही. माझा बाप चोर आहे असं तोंडावर कुणीही म्हणालं नाही, हे खरं. तो चोर नाही, एवढंच कुणी म्हणालं नाही.

राजाची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तुरुंगात दोघींचे बाप, पण तिचं दैव उघडलं. तिच्या घरावर नवी शाकारणी झाली, वाडीतल्या पुरुषांनी एका दिवसात करून दिली. आमचं छप्पर आईनं शिडी लावून स्वतः शिवलं. तिच्या मळ्यात लोक न बोलावता लावणीला उतरले. पलीकडच्या क्रिस्तांव बाईनं चर्चमध्ये तिच्या बापासाठी मेणबत्ती लावली, आणि वर तिच्या घरी केकही पाठवला. शाळेत गुरुजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत आणि तोच हात खाली घेऊन मला पाढे विचारत. कुणी तुपाशी, कुणी उपाशी. मी तिचा इतका हेवा करायचे की तिनं दिलेली चिंचसुद्धा मला कडू लागायची. ती मात्र मला अर्धी दिल्याशिवाय कधी खायची नाही, त्यानं तर माझं डोकं आणखी उठायचं. तिनं वाईट वागायला हवं होतं. मग मला सोपं गेलं असतं.

गावानं वकील दिला. तो कट्टा गावी बाजाराच्या दिवशी यायचा, तिथं मानकरी आणि चार जाणती माणसं त्याला भेटायची. वरच्या कोर्टात अपील केलं ते एकट्या राजाचं. आई तिथंही गेली होती, हातात पडवळ आणि अंडी घेऊन. वकील शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, मला जे काम दिलंय ते मी करतो. तुमचं वेगळं करावं लागेल." जाणत्यांनी बाजाराकडं बघितलं. आईनं पडवळ परत आणलं नाही, त्यालाच देऊन आली. मी तिच्याशी त्यावरून भांडले.

पुढच्या वर्षी राजा सुटला. ट्रंकेला कुलूप नव्हतं, ती उघड्यावर पडली होती, त्यात कुणीही काहीही टाकू शकलं असतं, असं वरच्या कोर्टानं म्हटलं. ट्रंक तीच, कुलूप नव्हतं तेही तेच. पण अपील ज्याचं, सुटका त्याची. मग आईनं गळ्यातलं विकून वेगळं अपील केलं, आणि ते कुठल्यातरी टेबलावर रांगेत बसलं.

तिठ्यावर एस्टी थांबली तेव्हा ढोल, ताशा, अबोलीचे हार, सगळं होतं. राजा उतरला आणि त्यानं मुलीला उचललं. एवढी घोडी झालेली मुलगी, पण उचलली. मला तिला ओढून खाली पाडावंसं वाटलं. आईनं माझ्या हातात ओवाळणीचं ताट दिलं होतं. मी गर्दीतून घुसले, त्याच्यापुढं उभी राहिले आणि ओवाळलं नाही.

"काका, त्या रातीक तुमच्या बाजूक कोण निजलेलो?"

ढोलवाल्यानं हात थांबवला. राजानं मुलीला खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, हे मी कबूल करते.

"तुझो बापूस," तो म्हणाला. "दुसरो कोण?"

सगळ्यांनी ऐकलं. मानकऱ्यांनी तर मान हलवली. मी वाट बघत राहिले की आता कुणीतरी पुढचं बोलेल. मग कुणीतरी राजाचा जयजयकार केला, ढोल पुन्हा सुरू झाला आणि मिरवणूक देवळाकडं वळली.

माझा बाप पुरी शिक्षा भोगून आला. त्याचं अपील तोवर पुकारलंच गेलं नव्हतं, आणि मग पुकारून उपयोग नव्हता. तो आरोंद्याकडच्या गाडीनं आला, एकटाच, आणि आईनं त्याला कुळथाची पिठी वाढली. आठवडाभरानं कंपनीचा मालक बोलवायला आला. राक्षस करणारा दुसरा कुणी त्यांना धड मिळाला नव्हता.

त्या जत्रेत नाटक दिवेलागणीलाच सुरू झालं. राजाची मुलगी माझ्या शेजारी, एकाच चटईवर. माझा बाप आला तोच पडदा फाडल्यासारखा, आणि मंडप चिडीचूप झाला. मेल्या म्हणून हसणाऱ्या म्हाताऱ्यांनी नातवंडं मांडीवर ओढून घेतली. त्याचं सोंग असं कधीच रंगलं नव्हतं. मालक मागं उभा राहून खूश होत होता. क्षणभर माझीसुद्धा छाती फुगली, अखेर लोक माझ्या बापाकडं बघत होते, तिच्या नव्हे. मग तिनं माझा दंड घट्ट धरला आणि तोंड माझ्या पाठीमागं लपवलं. लहानपणी ह्याच राक्षसाच्या हातच्या कुर्ल्या तिनं आमच्या घरी बसून खाल्ल्या होत्या.

"माका भय वाटता गो."

"अगो, तो माझो बापूस."

"म्हणानच तर भय वाटता," ती म्हणाली.

तोवर तिच्या बापानं तलवार उपसली होती आणि सगळा मंडप टाळ्या वाजवत होता.