मधलाच शब्द

बारावीनंतर मला वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला जायचं होतं आणि त्याची एन्ट्रन्स एकदाच देता येणार होती. मामांनी उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात बिलं करायला माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. नंबर लागला नाही, तर मी तिथे जाणार. धमकी कुणी दिली नव्हती, पण घरात सगळ्यांना ते पटलेलं होतं आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

बाकीचं जमत होतं, इंग्रजी शब्द मात्र जीव खात होते. क्लासने जाडजूड यादी दिली होती. आमच्या मोरिवलीत जन्मात कुणी उच्चारले नसतील असे शब्द. लहानपणी विहारात वंदना शिकले तसेच मी ते पाठ केले. अर्थाच्या फार मागे न लागता आधी चाल धरायची, मग ओळ, मग पुढची ओळ. ॲबेट ओसरणे, ॲब्होर तिटकारा करणे, ॲबस्टेन दूर राहणे. पाच महिन्यांत झेडपर्यंत पोचले. आई शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवायला लावायची, आणि मीही नाही म्हणायचे नाही.

पप्पा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. परीक्षेला बारा दिवस असताना ते रात्रपाळी करून सकाळी आले, चहा घेतला आणि माझी वही मागितली. शिक्षण दहावीपर्यंत. ड्रमवरची लेबलं वाचावीत तशी एकेक अक्षर लावत त्यांनी मधलंच पान काढलं.

"फ्रूगल. काय?"

मी मनात एफच्या पहिल्या शब्दावर गेले आणि चालीवर सरकत सरकत तिथवर आले. "काटकसरी."

असे पाच शब्द झाल्यावर त्यांनी वही मिटली. "परीक्षेत पण पहिल्यापासून म्हणत बसणार?"

"उत्तर बरोबर येतंय ना, पप्पा?"

"प्लांटमध्ये गॅस सुटला, तर मी एक नंबरच्या व्हॉल्वपासून मोजत बसू का? टाइम कोण देणार?"

एवढं बोलून त्यांनी आईची कात्री घेतली आणि वहीच्या पट्ट्या करायला बसले. एका पट्टीवर एक शब्द. मी बघत उभी राहिले. माझी पाच महिन्यांची मेहनत बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात पडत होती.

त्यानंतर रोज सकाळी ते डबा हलवायचे आणि एक पट्टी काढायचे. मला काही म्हणजे काही यायचं नाही. नवीन पद्धत जमेना आणि जुनी चालही तुटत गेली. धड ना इकडची, धड ना तिकडची. उत्तराशिवाय दुसरा शब्द मी त्यांच्याशी बोलत नव्हते. जीन्सच्या कारखान्यातली खुर्ची मला आता स्वच्छ दिसायला लागली होती.

सेंटर बदलापूरच्या पुढे आलं होतं. इंग्रजीच्या चौथ्याच प्रश्नात 'प्लॅकेट' आला. मी सवयीने पीचा पहिला शब्द शोधायला गेले, तर तो सापडेना. पी तर सोडाच, ए पण सापडेना. स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते आणि धरायला काहीच नव्हतं. मग नाइलाजाने नुसतं त्या एका शब्दाकडे बघितलं. समजूत घालणे. मागचापुढचा कुणी सोबत न घेता तो एकटाच आला होता. त्याच्यानंतरचेही बरेचसे तसेच आले. दोन-तीन आलेच नाहीत.

निकाल लागला आणि मला सीट मिळाली. पेढे वाटून झाल्यावर मी पप्पांना म्हटलं, "तुम्ही वही कापलीत म्हणून झालं."

ते कपाटापाशी गेले आणि कंपनीची एक जुनी डायरी आणून माझ्यासमोर ठेवली. आत त्यांच्या अक्षरात माझे शब्द होते, ए पासून, अर्थासकट. रोज डब्यातून पुढच्या अक्षराच्या मूठभर पट्ट्या वेचून ते कामावर न्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत ओळीने उतरवून काढायचे.

"तू रोज चुकायला लागलीस," ते म्हणाले, "मला वाटलं, पोरीचं वाटोळं केलं मी. जुनी वही परत मागितली असतीस, तर ही लगेच दिली असती."

डायरी एमपर्यंत आली होती. मला रडू आवरेना. बारा दिवस मी त्या माणसाशी धड बोलले नव्हते.