मीटरवरचा आकडा
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की साकोलीच्या घरातली ती सकाळ आठवते. दर एक तारखेला वडील स्टुलावर चढून विजेच्या मीटरचं रीडिंग वाचत आणि मी ते वहीत लिहीत असे. तेव्हा नवा मीटर बसून काही महिने झाले होते; उन्हाने त्याचं प्लास्टिकचं झाकण तापून वास येई. त्यावर तारीख, वेळ, युनिट असे आकडे आळीपाळीने उमटत. त्या सकाळी वडिलांना दोन आकडे लागेपर्यंत तिसरंच काहीतरी यायचं. "मी पाहू का, बाबा?" "तुले लिवाचं काम देलं ना, तेवढंच कर. हा मीटरच घाई करून राहिला." शेवटी त्यांनी ठामपणे एक आकडा सांगितला. तो गेल्या महिन्याच्या रीडिंगपेक्षा कमी होता, आणि मीटर काही मागे जात नाही. तरी मी तोच लिहिला. डोळे दाखवायला चला, असं म्हणायचं धाडस झालं नाही. पुढे डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. आता स्टुलावर मी चढतो; ते भिंतीला हात लावून खाली उभे राहतात, "किती झाला?" विचारतात आणि मी सांगतो.