सरांच्या कॅबिनची किल्ली

माझ्या फजितीचे किस्से मी कुणालाही, कुठेही, न विचारता सांगतो. कॅनडातल्या पहिल्या बर्फात चपला घालून दूध आणायला गेलो होतो, ते. आईने दिलेला काळा मसाला विमानतळावर बॅगेत फुटला आणि तपासणीचं कुत्रं माझ्याकडे बघून शिंकायला लागलं, ते. लोक हसतात, मीही हसतो. पण एक किस्सा मी आजपर्यंत एकाही माणसाजवळ काढलेला नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, दारू चढल्यावरही नाही. तसा तोही विनोदीच आहे. निदान सुरुवातीला.

आता बघा, सुरुवातीलाच मी कुत्र्याची शिंक पुढे केली. मूळ गोष्टीवर यायचं टाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. अकोल्यात आमच्या घरी तीन पिढ्या वकिली. शब्द कुठे ठेवला की तो जड होतो आणि कुठे ठेवला की हलका, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलो. हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

अमरावतीला इंजिनीअरिंगला असताना चार वर्षं माझ्या खोलीत गजानन होता. हिवरखेडचा, शेतकऱ्याघरचा. बोलायला हळू. एक वाक्य बोलायचं तर आधी ते मनात पूर्ण करून घ्यायचा, तोवर माझी चार बोलून व्हायची. मी त्याला ‘बैलगाडी’ म्हणायचो. तो म्हणायचा, “तू बोल लेका, मी आयकून राहिलो.” आणि खरंच ऐकायचा.

त्याची मावशी नांदगाव पेठेत एका कापडाच्या कारखान्यात होती. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकत जातं, आणि बाया दिवसभर त्यात तुटलेला धागा शोधत बसतात. संध्याकाळी मावशीचे डोळे लाल झालेले असायचे. गजाननने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्या टेबलावर एक स्वस्त कॅमेरा बसवला. तुटका धागा आला की घंटी वाजायची. सहा महिने तो त्यामागे होता. मग मी काय केलं? मी रिपोर्टचं बाइंडिंग केलं. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. दोघांची नावं, माझं वर.

कॅनडातल्या एका विद्यापीठात एक प्राध्यापक नेमका ह्याच विषयावर काम करतो, हे गजाननने शोधून काढलं. मोठं विद्यापीठ. जगभरातून अर्ज येतात आणि बोटावर मोजण्याइतकी पोरं घेतात. त्याने फॉर्म उघडला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “रंग्या, तूबी भर ना. एकट्याले भेव वाटते मले.”

म्हणजे मी तिथे गेलोच मुळी त्याच्या भीतीला सोबत म्हणून. मला कॅनडा नकाशावर दाखवता आला असता, एवढंच. पण एकदा फॉर्म भरल्यावर मात्र — तुमचं होतं का असं? — जी गोष्ट काल डोक्यातही नव्हती, ती आज आपल्या हक्काची वाटायला लागते. अकोल्याला बाबांनी बार रूममध्ये सांगून टाकलं. मोठ्या काकांनी गरम कोट दिला. अजून अर्ज पुरता गेलाही नव्हता आणि मी आरशासमोर कोट घालून उभा होतो.

शिफारसपत्राची आमच्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. ज्याला पत्र हवं त्यानेच ते लिहून न्यायचं, सर चष्मा वर करून विचारतात, “सगळं बरोबर आहे ना?” आणि सही करतात. कुणाला यात काही वावगं वाटत नाही. पण हे विद्यापीठ हुशार. त्यांनी थेट सरांच्या मेलवर गुप्त फॉर्म पाठवला, गुरूने स्वतः भरावा म्हणून. एक गजाननचा, एक माझा.

सरांचं नाव सांगत नाही. ते आता नाहीत. त्या आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मी घरी मदतीला गेलो होतो, तर त्यांनी मला मांडववाल्याच्या समोरच बाजूला घेतलं. हातात कॅबिनची किल्ली दिली, आणि पासवर्डची चिठ्ठी. म्हणाले, “तुझं इंग्रजी चांगलं आहे. दोघांचंही तूच भरून टाक.” मी निघालो तर परत बोलावलं. “आणि हे पाहा, गजाननचं जरा हात मोकळा सोडून लिही. तो तुझ्या पुढचा आहे रे, त्याला फक्त सांगता येत नाही. त्याला कळू देऊ नको मी तुझ्याकडून भरून घेतलं म्हणून. मनाला लावून घेईल.”

तो तुझ्या पुढचा आहे रे. हे मला माहीत नव्हतं का? चार वर्षं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि कुणीतरी मांडवाखाली उभं राहून, केटरर्सवाल्याला हाक मारता मारता, सहज म्हणून टाकणं वेगळं.

डिसेंबरची दुपार होती. कॅबिनमध्ये ऊन आलं होतं. मी सरांच्या खुर्चीत बसलो आणि आधी माझा फॉर्म भरला. काय सांगू तुम्हाला! सरांसारखा घसा खाकरत मी लिहीत होतो. ‘माझ्या सबंध कारकिर्दीत असा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.’ स्वतःची स्तुती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विनोद नाही, खरंच आलं. एका ठिकाणी तर मला सरांबद्दल कृतज्ञता वाटली.

मग गजाननचा घेतला. आणि त्याचाही मी चांगलाच लिहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण चुकून झालं असं वाटायला जागा नको. मावशीचे डोळे लिहिले, कॅमेरा लिहिला. दोनदा जळलेली सर्किटची पट्टी त्याने न रागावता तिसऱ्यांदा बनवली, ते लिहिलं. मग दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी उघडून वाचले. माझ्यात विशेषणं होती. त्याच्यात एक माणूस होता. कुणालाही कळलं असतं, कुणाला घ्यायचं ते.

शेवटी एकच प्रश्न उरला होता. तुम्ही या विद्यार्थ्याची शिफारस किती ठामपणे करता? खाली चार गोल. अत्यंत ठामपणे. ठामपणे. काही शंका ठेवून. करत नाही. मी तिसऱ्या गोलावर टिचकी मारली — नुसतं काय होतं ते बघायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. तर खाली एक चौकट उघडली. शंका कोणती ते लिहा.

लिहिली.

‘सांगितलेलं काम हा विद्यार्थी मनापासून करतो, मात्र स्वतःहून काही सुचण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.’

बघा, कसं आहे ते. शिवी नाही, आरोप नाही. उलट पहिला अर्धा भाग कौतुकाचाच. आजोबांना अभिमान वाटला असता. हे लिहायला मला कितीसा वेळ लागला असेल? अजिबात नाही. वाक्य आयतंच होतं, कारण ते माझंच वर्णन होतं. मी फक्त त्याच्या चौकटीत ठेवलं. वर मावशीची, कॅमेऱ्याची सगळी हकीकत होती, ती मात्र काढून टाकली. ती राहिली असती तर खालचं वाक्य खोटं पडलं असतं. दोन ओळी ठेवल्या — नियमित, नम्र. पाठवून दिलं. पडद्यावर विद्यापीठाने सरांचे आभार मानले.

खाली सायकल स्टँडवर गजानन थांबला होता. मी सरांचं लग्नाचं काहीतरी काम करतोय, असं त्याला वाटलं होतं. “झालं काय रे काम?” म्हणाला. झालं म्हटलं. मग आम्ही गिला वडा खाल्ला. त्याने त्याच्यातला एक माझ्या प्लेटमध्ये सरकवला, का तर दुपारभर मी राबलो होतो. मी खाल्ला. चवही आठवते.

मार्चमध्ये मला प्रवेश मिळाला. त्याला नाही. माझे पेढे कॉलेजभर त्यानेच वाटले. प्रत्येकाला सांगत होता, “आमच्या रूमचा नंबर लागला बाप्पा!” आमच्या रूमचा. सरांनी मला बोलावून विचारलं, “गजाननचं नीट लिहिलं होतंस ना?” मी म्हणालो, “माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं, सर.” आणि गंमत म्हणजे दुपारच्या तासभरापुरतं ते खरंही होतं. वकिलाचं पोर. सरांनी त्याला पुढच्या वर्षी पुन्हा भर म्हणून सांगितलं. तो नको म्हणाला. खोलीत मला म्हणाला, “सरानं तं चांगलंच लिहिलं असन. मीच कमी पडलो. आपल्याले आपलं समजलं पाहिजे, रंग्या.”

मी तेव्हा काय करायला हवं होतं, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. मी काय केलं ते सांगतो. मी बॅग भरत होतो. पुन्हा भर, एवढंसुद्धा मी त्याला म्हणालो नाही. तो पुढच्या वर्षी तिथे आला असता तर?

कॅनडात त्या प्राध्यापकाने पहिल्याच आठवड्यात मला कॅमेऱ्याबद्दल विचारलं. मी बाइंडिंगबद्दल सांगू शकलो असतो. दोन वर्षं त्याने धीर धरला, मग एक दिवस दार लावून घेऊन मला समोर बसवलं. फार सभ्य माणूस. त्याने माझ्याबद्दल जे सांगितलं त्याचं भाषांतर करत नाही. वर आलंच आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. उठताना सहज म्हणाला, तुझ्याच कॉलेजचा अजून एक मुलगा होता त्या वर्षी. त्याचा स्वतःचा निबंध वाचून मला तोच हवा होता. पण त्याच्याच शिक्षकाला त्याच्याबद्दल शंका होती, मग मी काय करणार?

तोपर्यंत मी मनात एक पळवाट ठेवली होती. त्या एका ओळीने काय होणार, शेकडो अर्ज असतात, तो तसाही राहिला असता. त्या दिवशी तीही गेली. ती पदवी अर्धवट सोडून मी एका विमा कंपनीत चिकटलो. अजून तिथेच आहे. लोकांच्या अर्जांत खोटं काय आहे ते शोधण्याचं काम. हसा खुशाल, मी नेहमी हसवतोच की.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला गेलो होतो. गजानन आता पातूरजवळच्या एका कॉलेजात शिकवतो, अकोल्यात राहतो. घरी गेलो तर टेबलावर विद्यार्थ्यांच्या शिफारसपत्रांचे कागद पसरलेले. मी म्हटलं, पोरांकडूनच लिहून घेत नाहीस काय शिफारसपत्रं, सगळे घेतात? त्याने आधी मनात वाक्य पूर्ण केलं. मग म्हणाला, “पोरीच्या लग्नाच्या गडबडीत सरानं माह्यासाठी टाइम काढून सोता लिहिलं होतं. मी तं रिकामा बसलो आहो. मी काहून नाही लिहू?”

दर वर्षी तो अशी लिहितो. एकेका मुलावर आठवडा घालवतो. त्याच्या मुलीने मला पाणी आणून दिलं, ‘कॅनडावाले काका’ म्हणाली.

मग त्याने एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्याच्या एका विद्यार्थिनीचं, त्याच विद्यापीठासाठी. “इंग्रजी पाह्य बरं जरा. तुह्यं चांगलं आहे.” मी वाचलं. त्यात विशेषणं नव्हती. पाणी मोजून सोडणारा कसलासा पंप त्या मुलीने बनवला होता, तो कसा बिघडला, तिने तो कसा पुन्हा बनवला, हे होतं. सोबत फॉर्मची छापील प्रत होती, तिच्यात त्याच शेवटच्या प्रश्नाखाली त्याने पहिला गोल काळा केला होता.

एक शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी पेन घेतलं आणि काहीतरी केलं असं दिसावं म्हणून एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. तिथे तो नको होता.

“पाह्य,” तो बायकोला म्हणाला, “माह्या ध्यानातच आलं नसतं.”