दीड फुटी मूर्तीचा भाव

भात कापल्यावर रिकाम्या शेतात मुलं फुटबॉल खेळत होती. आमच्या शाळेतला सातवीचा केतन म्हात्रे पेंढ्याच्या दोन भाऱ्यांमध्ये गोलकीपर म्हणून उभा होता. चेंडू लांब असतानाही त्याची नजर त्यावरून हलत नव्हती. तेव्हा मी त्याला प्रथम नीट पाहिलं.

पुढे तो जोहे या गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावात वडिलांच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखू लागला. रोह्यात फुटबॉलची लीग सुरू झाली, तेव्हा खडीच्या धंद्यातल्या एका शेठने त्याला आपल्या संघात घेतलं. खेळाडूंवर दोन लाखांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असा लीगचा नियम होता आणि शेठचे दोन लाख आधीच संपले होते. म्हणून केतनच्या खेळाचे चाळीस हजार त्याने एका दीड फुटी मूर्तीची किंमत म्हणून दिले.

दोन सामन्यांनंतर लीगच्या समितीला त्या किमतीचा संशय आला आणि तिने शेठला आणि केतनला बोलावलं. "काय रे, दीड फुटी गणपती केवढ्याला?"

"चार हजार," केतन पटकन म्हणाला. जोह्यात हा भाव लहान पोरालाही पाठ असतो.

"अरे शहाण्या," शेठ कळवळला, "आजच्या दिवस तरी महाग सांगायचा!"

संघ बाद झाला.

"बाई, खोटं बोललो नाय त्याचं वाईट वाटत नाय," परवा तो मला म्हणाला. "पण तिसरी मॅच खेळायला मिळायला हवी होती हो."

केतन आता चौतीस वर्षांचा आहे. दर रविवारी तो रोह्याला जातो आणि गोलच्या जाळीमागे बसून सामना बघतो.