पेपरफुटे काकांचा सोमवार

रहस्यपट सुरू व्हायच्या आधीच खुनी कोण ते सांगून टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही चार-पाच जण टीव्हीसमोर नीट बसलो, चिवड्याच्या वाट्या हातात आल्या, की काका रिमोट उचलायचे आणि शांतपणे म्हणायचे, "खुनी तो चष्मेवाला डॉक्टर. जिन्याखालच्या खोलीत सापडतो. झालं? आता त्याच्या मागे लागू नका. बघा."

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. परीक्षेआधी पेपर फोडणाऱ्याबद्दल मला काय वाटणार? पहिल्याच रविवारी मी त्यांचं नाव ठेवलं, पेपरफुटे. खरं आडनाव वेगळं होतं, पण हे असं काही चिकटलं की माझा मुलगासुद्धा पेपरफुटे काका म्हणायला लागला. पुढे ते त्यांच्या कानावर गेलं. "कोकणातले की देशावरचे?" एवढंच त्यांनी विचारलं.

तर त्यांच्याच रीतीने मीही आधी सांगून टाकते. या हकिकतीत खून नाही, पण गुन्हा आहे आणि तो मी केलाय. काकांचे डोळे जात होते. कुणाला कळू न देता ते आपल्या घरात एकटे राहत होते, आणि मरेपर्यंत तिथेच राहायचं त्यांनी ठरवलं होतं. ते घर सुटलं ते माझ्या एका थट्टेमुळे. झालं? आता बघा.

डार्मश्टाटला आले तेव्हा मी तरुण होते, जेमतेम एकसष्ट. मुलगा-सून रोज ट्रेनने फ्रँकफर्टला नोकरीला जायचे आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी नातीला सांभाळायचो. काकांनी इथल्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत अख्खी हयात घालवली होती. पत्नी गेलेली, मुलगी अदिती दोन तासांवर, गेर्लिंगेनला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली तेव्हा म्हणाले, "रविवारी दुपारी दोनला या दोघं. आमच्याकडे पिवळे सिनेमे असतात."

मी कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी खुलासा केला की इटलीत खुनाच्या कादंबऱ्या पिवळ्या कव्हरात निघायच्या, म्हणून तिथल्या त्या जातीच्या सिनेमांनाही पिवळेच म्हणतात. मी "अस्सं होय" म्हणाले आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे थोडे हिरमुसले होते.

सिनेमे सगळे पन्नासेक वर्षांपूर्वीचे, इटालियन माणसांच्या तोंडी जर्मन बोलणं घातलेले. काकांनी जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या त्या डीव्हीडी. खुनी म्हणजे नुसते काळे कातडी हातमोजे. बाई एकटी घरी येते आणि काही केल्या दिवा लावत नाही. भिंतीच्या कागदावर तळहाताएवढी फुलं. गळ्याशी वस्तरा आणि मागे अंगाईसारखं संगीत. आणि बहुतेक वेळा एक परका पाहुणा, ज्याने खून डोळ्यांनी पाहिलेला असतो पण आपण नेमकं काय पाहिलं हे त्याला सिनेमा संपेस्तोवर उमगत नाही. या पाहुण्याला मी फार हसायचे. इतका कसा बाई ठोंब्या!

माझ्याकडे एक वही असायची. तरुणपणी माणूस काय काय करतो! लाल पेनाने मी सिनेमाला गुण द्यायचे. पहिल्या रविवारी ऐटीत वाचून दाखवलं, "खुन्याला किल्ली मिळाली कुठून? दाखवलेलं नाही. पायरी गाळली, दोन गुण वजा. बाई जिवंत असताना मांजर काळं, मेल्यावर करडं. निष्काळजीपणा, एक वजा." विद्यापीठात शिकणारी दोन मराठी मुलं यायची, त्यांनी जोरात माना हलवल्या. काका माझ्या कपात चहा ओतत म्हणाले, "वहिनी, खुनी किल्लीशिवायसुद्धा आत आला. तुम्ही मात्र बाहेरच राहिलात."

त्यांचा निकाल सोमवारी लागायचा. सकाळी दहाच्या ठोक्याला फोन, नमस्कार नाही की चमत्कार नाही. "काय उरलं?"

रविवारचं मत त्यांच्या लेखी मतच नव्हतं. ते म्हणायचे, "सिनेमा संपल्या संपल्या प्रत्येकजण हुशार असतो. झोपून उठा, दात घासा, मग जे उरलेलं असेल तो सिनेमा. बाकीचं गेलं." मी कथेतली भोकं सांगायला लागले की म्हणायचे, "ते रविवारचं. सोमवारचं सांगा." माझ्याकडे सोमवारचं काही नसायचं. एकदा वैतागून मी फोन ह्यांच्या हातात दिला. हे आदल्या दिवशी पहिल्या खुनापासून शेवटच्या खुनापर्यंत घोरत होते. हे म्हणाले, "ती बाई मेली ना, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणीतरी पियानो शिकत होतं. तेच तेच चुकत होतं. थांबलं नाही हो ते." फोनमधून काकांचा आवाज मला लांबून ऐकू आला, "वा! याला म्हणतात प्रेक्षक!" मी दोन दिवस घोरणाऱ्या प्रेक्षकाशी बोलले नाही.

रविवारी इथे इमारतीत आवाज करायची बंदी, रुहेत्साइट. काका खिडक्यांचे रोलाडेन खाली ओढायचे, खोली काळोखी करायचे, आणि प्रत्येक किंकाळीच्या बरोबर आधी रिमोटने आवाज कमी करायचे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना कधी कळलंच नाही की आपल्या डोक्यावर दर रविवारी पाच-सहा मुडदे पडताहेत. सगळे सिनेमे त्यांना असे पाठ होते. म्हणून तर आम्ही फसलो.

सिनेमा चालू असताना बोलायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि तो त्यांनीच मोडायला सुरुवात केली. "वहिनी, तिच्या हातात काय आहे?" "मागचं दार उघडं दिसतंय का?" मला वाटलं, आता माझी परीक्षा घ्यायला लागले. त्यांची खुर्ची टीव्हीच्या जवळ सरकली, मग तिरकी झाली. तोंड कपाटाकडे करून कडेकडेने बघायचे. मला वाटलं, माझ्यावर रुसलेत. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. मला वाटलं, काय ही घाणेरडी सवय. सगळं पाहिलं हो मी, एकही गोष्ट सुटली नाही. आणि त्या ठोंब्या पाहुण्यासारखी वहीत गुण मांडत बसले.

जानेवारीतला एक रविवार. मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून आम्ही तिघंच, त्यात हे झोपलेले. नाटकगृहातला खून होता. टीव्हीवर अख्खाच्या अख्खा मखमली पडदा, रक्तासारखा लाल. काकांनी विचारलं, "वहिनी, पडद्याचा रंग कुठला?"

हा प्रश्न! बालवाडीतल्या पोराला विचारावा तसा! मी म्हटलं, "हिरवा."

"हिरवा?"

"हिरवागार. शेवाळासारखा."

पुढच्या किंकाळीला काकांकडून आवाज कमी करायचा राहून गेला.

सोमवारी दहाला फोन आला. मी पढवल्यासारखं काहीतरी सांगितलं आणि विचारलं, "तुमचं काय उरलं?" ते हळू आवाजात म्हणाले, "हिरवा पडदा." मी तोंडात पदर कोंबून हसले. पेपरफुट्यांचा पेपर फोडला म्हणून दिवसभर घरात मिरवत होते.

फेब्रुवारीत त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की घराची क्युंडिगुंग दिली, भाडेकरार संपवला. एप्रिलअखेर लेकीकडे कायमचं. मार्चमध्ये अदिती सामान बांधायला आली, तेव्हा तिच्याकडून खरं कळलं. "मावशी, बाबांना मधलं काही दिसत नाही. दोन वर्षं झाली. कडेचं तेवढं दिसतं. मी किती मागे लागले, चला माझ्याकडे. ऐकतील तर शपथ. म्हणायचे, घर पाठ आहे मला. आणि जानेवारीत एका सोमवारी स्वतःच फोन करून म्हणाले, आता नेच मला."

जानेवारीत. सोमवारी. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना पायऱ्या मांडायला शिकवल्या. या मांडायला मला क्षणही लागला नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊन सांगून टाक."

"आता काय उपयोग? नवे भाडेकरू सह्या करून गेलेसुद्धा."

"घर परत मिळावं म्हणून सांग असं कुठे म्हणालो मी?"

त्यानंतरचे तीन आठवडे माझा पाय घरात ठरला नाही. ट्रामने त्यांच्याकडे जायचे, तीन जिने चढायचे, दारापर्यंत जाऊन परतायचे. एकदा लाडू घेऊन गेले आणि लाडू घेऊन परत आले. खालच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का. पोळ्या करताना, नातीची वेणी घालताना, डोळ्यांसमोर तो पडदा. आणि मेला तो मलाही हिरवाच दिसायला लागला.

शेवटच्या रविवारी भिंती उघड्या, खोकी बांधलेली. खोलीत टीव्ही आणि दोन खुर्च्या उरलेल्या. काकांनी रिमोट उचलला. "तर खुनी—"

"आज पेपर मी फोडते," मी म्हटलं. "पडदा लाल होता, काका."

"कुठला?"

"जानेवारीतला. नाटकगृहातला. मी थट्टा केली. मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय."

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. कपाटाच्या रिकाम्या जागेकडे तोंड वळवलं, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "लालच होता हो. इतकी वर्षं बघतोय, तो लालच होता. डोळ्यांचं मला काही वाटत नव्हतं, वहिनी. घर पाठ, जिना पाठ, सिनेमे पाठ. तुम्ही हिरवा म्हणालात तेव्हा वाटलं, पाठ केलेलंसुद्धा चुकायला लागलं. मग गॅस बंद केला की नाही हे मी कुणाला विचारू?"

मी रडायला लागले. आणि हा माणूस हसायला लागला! उठून उभे राहिले, खोक्याला अडखळले, हाक मारली, "अदिती! अगं, लाल होता! डोकं शाबूत आहे माझं!" अदिती हातात चिकटपट्टी घेऊन दारात आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, हसत हसत. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

"रागावलात?" त्या संध्याकाळी ती दोघं निघताना मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. रागावलोय. पण आज आनंद होऊ दे. राग सोमवारी."

सोमवारी दहाला गेर्लिंगेनहून फोन आला. "वहिनी, राग उरलाय." आणि ठेवून दिला. पुढच्या सोमवारी, "थोडा उरलाय." तिसऱ्या सोमवारी म्हणाले, "ती जिन्यावर मरते तो सिनेमा लावा रविवारी. मी फोनवर असतो. काय दिसतं ते सांगत राहा."

ती डीव्हीडींची खोकी त्यांनी माझ्याकडेच टाकली होती. मग तीन वर्षं, दर रविवारी दोनला, मी डार्मश्टाटला बघायचे आणि ते गेर्लिंगेनला ऐकायचे. हातमोज्यांची शिवण, भिंतीवरची फुलं, ओल्या फरशीवरचा दिवा, मांजराचा रंग. एक पायरी गाळली नाही. किल्ली कुठून आली हे विचारायचं माझं कधी सुटलं ते मलाही कळलं नाही. वही नातीने चित्रं काढायला घेतली.

मागच्या शरद ऋतूतल्या एका सोमवारी ते म्हणाले, "काल एक सोडलंत तुम्ही. शेवटच्या खुनाच्या वेळी खिडकीच्या कठड्यावर एक निळं पाखरू येऊन बसतं."

"काही नाही बसत."

"परत बघा."

गुरुवारी अदितीचा फोन आला. "मावशी," एवढंच म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.

तो सिनेमा मी आतापर्यंत अकरा वेळा बघितला. नातीने एकेक चित्र थांबवून दाखवलं. "आजी, डा इस्ट निक्स," म्हणते, काही नाहीये तिथे. हे म्हणतात, म्हाताऱ्याने तुझा पडदा तुला परत केला, गप बस आता. असेलही. पण माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि काय दिसतं आणि काय दिसत नाही यावर पैज लावायची हिंमत माझ्यात उरलेली नाही.

आज सोमवार. दहा वाजून गेले. हे बाजारात गेलेत, फोन गप्प आहे, आणि मी रोलाडेन खाली ओढून तोच सिनेमा लावलाय. खुनी तो वकील आहे, ते सोडा. खिडकीकडे बघा.